डायलिसिसवरील रुग्णांचा रक्तदाब

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या बहुतेक रुग्णांचा रक्तदाब वाढलेला असतो, आणि त्यामागचे मुख्य कारण अंगात साठलेले मीठ व पाणी हे असते. हे लक्षात न घेता गोळ्याच वाढवत गेले तर बीपी हटत नाही आणि रुग्ण मात्र थकतो. मूत्रपिंडातून येणाऱ्या आणि रक्तदाब चढवणाऱ्या रेनिनचा वाढलेला स्राव, कडक झालेल्या रोहिण्या, रक्तवाढीसाठी दिलेली एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने हीदेखील कारणे आहेत, पण ती पाण्याच्या मागून येतात.

उपचाराचा पाया म्हणजे ‘ड्राय वेट’. जादा पाणी काढून टाकल्यावर, सूज व धाप नसताना आणि बीपी न कोसळता रुग्णाला पेलवेल असे सर्वांत कमी वजन. ते ठरवणारी एकच खात्रीची तपासणी नाही. घोट्यावर उमटलेला मोज्याचा वळ, आडवे झाल्यावर लागणारी धाप, डायलिसिसनंतर पायात येणारे गोळे, अशा खुणांवरून ते थोडे थोडे खाली आणत शोधावे लागते. वजन योग्य जागी आल्यावरही बीपी उतरायला काही आठवडे लागू शकतात. हा धीर सुटतो आणि आणखी एक गोळी वाढते.

ही कल्पना नवी नाही. 1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी दीर्घकालीन डायलिसिस सुरू केले, तेव्हा क्लाइड शील्ड्स या पहिल्याच रुग्णाचा तीव्र रक्तदाब पाणी काढून आणि मीठ तोडून आटोक्यात आणला होता. फ्रान्समधील तासँ येथील केंद्रात आठ-आठ तासांचे संथ डायलिसिस होत असे. तिथल्या बहुतेक रुग्णांना बीपीच्या गोळ्या लागत नसत.

पाणी किती वेगाने काढायचे, यालाही मर्यादा आहे. 60 किलोच्या रुग्णाचे 3 लिटर पाणी चार तासांत काढले तर वेग ताशी किलोमागे 12.5 मिलिलिटर होतो. 13 च्या वर गेल्यास हृदयाला धोका वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. घाईने पाणी ओढले की बीपी एकदम पडतो: जांभया, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी पाणी काढणे थांबवतात, पाय वर करतात, गरज पडल्यास सलाइन देतात. वारंवार असे होत असेल तर डायलिसिसचा वेळ वाढवणे किंवा डायलिसिस यंत्रातील द्रावाचे तापमान थोडे कमी ठेवणे हे उपाय आहेत.

नुसते ‘पाणी कमी प्या’ सांगणे रुग्णावर अन्याय आहे. साधारण 8 ग्रॅम मीठ पोटात गेले की तहान एक लिटर पाणी पाजल्याशिवाय शमत नाही. म्हणून आधी मीठ कमी करायचे.

औषधांत अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, लिसिनोप्रिल ही डायलिसिसमध्ये बरीच धुऊन निघतात. अ‍ॅम्लोडिपिन व कार्व्हेडिलॉल फारशी निघत नाहीत. त्यामुळे कोणती गोळी डायलिसिसच्या आधी आणि कोणती नंतर, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते.

डायलिसिसच्या आधी-नंतरचे आकडे फसवे असतात. घरी, शांत बसून, फिस्तुला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) नसलेल्या हातावर मोजलेला बीपी अधिक भरवशाचा. ड्राय वेटही एकदा ठरवून भागत नाही. आजारपणात मांस झडते, त्याची जागा पाणी घेते, आणि वजनकाटा मात्र जुनाच आकडा दाखवत राहतो.