निळा रंग नसलेली निळी पाखरं

"आत भुसा भरतात आणि वरून रंग मारतात." मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, रोहित पक्ष्यांच्या काचेपुढे एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावत होते. माझ्या सात वर्षांच्या लेकीने ते ऐकलं आणि माझा शर्ट ओढला. "बाबा, खरंच रंग मारतात? गणपतीला मारतात तसा?"

रविवार होता, आई आणि बायको बाकावर टेकल्या होत्या, डब्यातल्या दशम्या अजून उघडायच्या होत्या. मी मात्र तिथेच सुरू झालो. पुढची वीस मिनिटं काय झालं ते घरच्यांना विचारू नका.

भुशाचं आधी उरकतो. प्राण्याची कातडी सोलून, चरबी खरवडून, न कुजेल अशी तयार करतात आणि त्याच्या मापाच्या साच्यावर चढवतात. उशीत कापूस कोंबावा तसं ते काम नसतं. खांदा कुठे उचललाय, मान किती वळलीय, हे सगळं साच्यात आधीच यावं लागतं. डोळे काचेचे. रंगाबद्दल मात्र ते गृहस्थ थोडेसे बरोबर होते. चोच, पाय आणि चेहऱ्याची उघडी कातडी वाळली की त्यांचा रंग जातो, म्हणून तिथे कुंचला फिरवावा लागतो. पिसांना सहसा कुणी रंग लावत नाही. पिसांचा रंग पक्ष्याचा स्वतःचा.

स्वतःचा म्हणजे कसा, इथेच खरी मजा आहे. रोहिताचा गुलाबी रंग हा खाल्लेला रंग आहे. खाडीतल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येणारी, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या भाऊबंदांतली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. समोरच्या राजधनेशाचं, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिलचं, तंत्र आणखी वेगळं. त्याच्या पंखांवरची पांढरी पिसं पिवळसर दिसतात, कारण तो शेपटीच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथीतलं पिवळं तेल चोचीने त्यांच्यावर चोपडतो. चक्क मेकअप! पक्षी मेला की तेल लावणारं कुणी उरत नाही आणि पिवळेपणा विरत जातो. रंगद्रव्यांचंही शेवटी तेच होतं. प्रकाश त्यांचे रेणू मोडत राहतो, आणि जगभरच्या संग्रहालयांना दालनांतला उजेड जपून वापरावा लागतो तो त्यामुळेच.

"आणि निळे पक्षी?" लेकीने विचारलं. ती हे विचारील याचीच मी वाट बघत होतो.

जगातल्या एकाही पक्ष्याच्या पिसात आजवर निळं रंगद्रव्य सापडलेलं नाही. खंड्या, मोर, नीळकंठ, कुणाच्याही नाही. नीळकंठाचं पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळायला हवी, पण मिळते ती मळकट, तपकिरी. निळा रंग त्या पिसात ठेवलेला नसतोच. तो पिसाच्या घडणीतून तयार होतो.

पीस केराटिनचं बनलेलं असतं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात तेच. नीळकंठाच्या पिसाचा एक तंतू घेऊन त्याचा आडवा छेद प्रचंड मोठा करून पाहिला, तर आत जाळीदार अनारशासारखं काहीतरी दिसतं: केराटिन आणि हवेच्या पोकळ्या एकमेकांत गुंतलेल्या. या पोकळ्या ओळीने मांडलेल्या नसतात, पण एकीपासून दुसरी साधारण एकाच अंतरावर असते. सगळी जादू त्या अंतरात आहे.

झोपाळ्याला धक्का देणारी दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. दोघांचा धक्का एका वेळी बसला तर झोका चढतो. एकाने तो पुढे जाताना आणि दुसऱ्याने मागे येताना ढकललं तर झोपाळा मरतो. पिसावर पांढरा प्रकाश पडला की प्रत्येक पोकळीच्या काठावरून थोडाथोडा परततो. एका पोकळीवरून परतलेली लहर आणि पुढच्या पोकळीवरून परतलेली लहर यांच्या प्रवासात थोडा फरक पडतो. हा फरक निळ्या प्रकाशाच्या लहरलांबीएवढा असला तर निळ्याचे धक्के एका वेळी बसतात आणि निळा चढतो. तांबडा-पिवळा प्रकाश तसाच आत जातो, आणि खाली मेलॅनिनचा, म्हणजे आपले केस काळे करणाऱ्या रंगद्रव्याचा, काळा थर असतो तो त्याला गिळून टाकतो. हा काळा थर नसेल तर आतूनच इतका पांढरा प्रकाश परत येईल की निळा त्यात बुडून जाईल. निळ्या बजरिगर पोपटांच्या जातीत मेलॅनिन नसलेलं पिल्लू निघालं तर ते पांढरं दिसतं. निळ्याचा पाया काळा असतो, असं म्हणा हवं तर.

"आकाश निळं दिसतं तसंच ना?" असं इथे बरेच जण विचारतात, आणि पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. यात सी. व्ही. रामन येतात. १९२१च्या सप्टेंबरात 'नारकुंडा' बोटीने परतताना त्यांनी समुद्राच्या निळ्यावर विचार केला आणि मुंबई बंदरात बोट असतानाच त्यावरचं टिपण 'नेचर' या विज्ञान नियतकालिकासाठी लिहून काढलं. हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं ते पुढच्याच जानेवारीत, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पण रामन निळ्यापाशी थांबले नाहीत. १९३४ साली त्यांनी बंगळुरूला भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात, पान १ ते ७, स्वतःचा लेख छापला तो पाखरांच्या रंगांवर! त्यात नीळकंठ होता. आकाशासारखं साधं विकिरण इथे पुरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मला पटतं ते असं: आकाशाच्या नियमात लहरलांबी जितकी कमी तितकं विकिरण जास्त, त्यामुळे निळा एकाच तऱ्हेचा मिळायला हवा. नीळकंठाच्या उघडलेल्या पंखावर तर दोन निळे शेजारीशेजारी पट्ट्यांनी असतात, एक गडद आणि एक हिरवट-फिका. म्हणजे पिसाच्या आतलं अंतर बदलतं, तसा रंग बदलतो.

मोराने हे अंतर तर सोनाराच्या तराजूवर तोललंय. त्याच्या पिसातले मेलॅनिनचे सूक्ष्म दांडे चौकटीत ओळीने रचलेले असतात. चिनी भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ साली हे मोजलं: निळ्या भागात दोन दांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. जाऊन-येऊन १४०चे झाले २८०, आणि पिसाच्या आत प्रकाशाची लहर दीडपटीहून थोडी अधिक आखडते, म्हणून बाहेरच्या हिशेबाने साधारण ४५०. निळा! निळ्या-हिरव्यातला फरक दहा नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीचे आठ हजार भाग करा, त्यातला एक. मोराची रचना शिस्तीची असल्यामुळे मान वळवली की रंग सरकतो, नीळकंठाची गबाळी असल्यामुळे त्याचा निळा बहुतेक बाजूंनी सारखाच राहतो. ही घडण टिकली की रंग टिकला. जर्मनीत मेसेलच्या खाणीत पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचे भुंगे सापडलेत, त्यांच्या पाठीची चमक अजून दिसते.

एवढ्यात आईने डबा उघडला आणि म्हणाली, "दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं." जाईलही, पण नीळकंठाचं काय? अनेक ठिकाणी दसऱ्याच्या आधी या पाखरांना जाळ्यात धरतात, पिंजऱ्यात कोंबतात आणि दर्शनाचे पैसे घेतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. शिवाय त्याचा कंठ निळा नसतोच, तांबूस-जांभळट असतो. निळे ते पंख, नि ते खुलून दिसतात तो उडाला की.

या दालनात १९२६ साली सालिम अली प्रेक्षकांना माहिती सांगायच्या नोकरीवर होते, हे मी आईला सांगितलं. "त्यांनी दशमी खाऊन मग सांगितलं असतं," ती म्हणाली.

घरी आल्यावर लेकीने प्रयोगच करायचा धरला. स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे आईने पाल येऊ नये म्हणून मोरपीस खोचलंय. ते काढायला कॅलेंडर हलवलं, तशी मागून पाल सळ्ळकन ओट्याकडे गेली. आई काही बोलली नाही. लेकीने पीस खिडकीशी नेऊन सूर्याकडे धरलं. डोळ्याचा निळा गेला, हिरवाही गेला, राहिलं ते तपकिरी. पाठ सूर्याकडे करून धरलं की निळा परत हजर. मग आईने कपाटातून लग्नातली पैठणी आणली आणि पदरावरचा मोर उजेडात धरला. तो दोन्ही बाजूंनी निळा होता, पण घडीवर फिकटलेला.

"रंगाऱ्याने फसवलं," आई म्हणाली आणि पीस परत कॅलेंडरमागे खोचायला गेली.