वाचनालयाला ऊन नको, उजेड हवा

बेळगाव असो, खानापूर असो, निपाणी, चिकोडी किंवा अथणी. सीमाभागातल्या कुठल्याही छोट्या वाचनालयात भर दुपारी गेलात तर बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत चालू ट्यूबा, हेच दिसेल. रस्त्याकडची खिडकी पश्चिमेला, म्हणून तिच्यावर जाड पडदा. मागच्या भिंतीला खिडकी आहे, पण तिच्यापुढे पुस्तकांचं कपाट. लाइट गेली की पेपर वाचणारे उठून पायरीवर येतात आणि पोलीस भरतीचा अभ्यास करणारी मुलं मोबाइलचा टॉर्च लावतात.

पडदा ओढणाऱ्या ग्रंथपालांना यात दोष देता येत नाही. पडदा नसेल तर चार वाजता त्या टेबलावर कुणी बसूच शकत नाही. चूक त्याआधीची, इमारतीचा नकाशा झाला तेव्हाची आहे. ऊन आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इमारत नीट मांडली तर एकीला दाराबाहेर ठेवून दुसरीला आत घेता येतं, हा विचार त्या नकाशात झालेलाच नसतो.

या भागात मराठी माणसांनी वाचनालयं जिवापाड जपली आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर दीडशे वर्षांहून जुनं आहे. शिवाय कर्नाटकच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्यामुळे जिल्हा, शहर आणि ग्रामपंचायत पातळीवर सरकारी वाचनालयं आहेत आणि मालमत्ता कराबरोबर आपण ग्रंथालयाचा उपकरही भरतो. म्हणजे इमारती होत राहणार आहेत. त्या कशा व्हाव्यात हे बोलायला हवं.

आधी उजेडाचं माप पाहू. टेबलावर किती प्रकाश पडतो ते लक्समध्ये मोजतात. निरभ्र दुपारी थेट उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात. जूनमधल्या ढगाळ आभाळाखाली उघड्यावर ५,००० ते २०,००० लक्स मिळतात. आणि वाचायला लागतात किती? ३०० लक्स मिळाले तरी आरामात वाचता येतं, बारीक टायपासाठी ५०० पुरे. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेत हा हिशेब ८,००० लक्सचं आकाश धरून मांडतात. बाहेरच्या उजेडापैकी किती टक्के टेबलापर्यंत पोहोचतो ते बघायचं. एक टक्का म्हणजे ८० लक्स. वाचनकक्षासाठी १.९ ते ३.७५ टक्के, म्हणजे साधारण १५० ते ३०० लक्स, अशी शिफारस आहे. थोडक्यात, धो धो पाऊस पडत असतानाही आभाळात आपल्या गरजेच्या कित्येक पट उजेड असतो. त्यातला तीन-चार टक्के टेबलावर आणता आला की झालं.

थंड देशांत पॅसिव्ह सोलर इमारत म्हटली की हिवाळ्यातलं ऊन आत घ्यायचं, जमिनीत आणि भिंतीत साठवायचं आणि रात्री त्याची ऊब घ्यायची, असा अर्थ होतो. ही सगळी कामं यंत्राशिवाय, नुसत्या इमारतीच्या ठेवणीतून. आपल्याकडे ठेवणीचं तत्त्व तेच, उद्देश मात्र उलटा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, एप्रिलमध्ये पारा ३५-३६ च्या आसपास जातो, अथणीकडे त्याहून वर. इथे वाचनालय गरम करायची गरज वर्षातून एक दिवसही नसते. गरज असते ती उष्णता बाहेर ठेवण्याची.

म्हणूनच परदेशी मासिकांतून उचललेले नमुने इथे फसतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे फिनलंडचे वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांनी बांधलेलं विपुरीचं ग्रंथालय. ते १९३५ मध्ये पूर्ण झालं. ते शहर आता रशियात आहे आणि व्हिबोर्ग या नावाने ओळखलं जातं. त्याच्या छताला ५७ गोल झरोके आहेत, आणि प्रत्येक झरोका खोल नळकांड्यासारखा आहे. विपुरी जवळपास ६१ अंश उत्तर अक्षांशावर. तिथे भर उन्हाळ्यात, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५३ अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे किरण नळकांड्याच्या आतल्या बाजूवर आपटतात, विखुरतात, आणि खाली वाचणाऱ्याच्या पानावर सावली न पाडणारा मऊ उजेड उतरतो. अप्रतिम कल्पना आहे. पण बेळगाव १५.८ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात खालच्या दुपारच्या सूर्याची आपल्याकडची उंची ५१ अंश असते. विपुरीचा जिथे कळस होतो, तिथून आपली सुरुवात होते. तेच झरोके इथे लावले तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत रोज दुपारी ५७ उन्हाचे कवडसे टेबलांवरून फिरतील.

तेव्हा आपला सूर्य कसा फिरतो ते आधी बघू. मेच्या पहिल्या आठवड्यात, तीन-चार तारखेला, बेळगावात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तिथून ९ ऑगस्टच्या सुमारापर्यंत तो दुपारी चक्क उत्तरेला असतो, पण फार थोडा; २१ जूनला उत्तरेकडून त्याची उंची ८२ अंश असते. उरलेलं सगळं वर्ष तो दुपारी दक्षिणेला. आणि दुपार म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे, बेळगाव ७४.५ वर. ८ अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. म्हणून आपली खरी दुपार सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. वाचनालयाच्या दृष्टीने ही अर्ध्या तासाची गोष्ट महत्त्वाची आहे. लोक जास्त येतात ते संध्याकाळी, चारनंतर, आणि तेव्हा पश्चिमेचं ऊन आपल्याला वाटतं त्यापेक्षा वर असतं.

दक्षिणेची खिडकी सगळ्यात सरळ वागते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवशी दक्षिण भिंतीच्या छज्जाची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच रेषेवर राहते, कारण त्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवून बरोबर पश्चिमेला मावळतो आणि त्याचा सगळा मार्ग एकाच तिरक्या प्रतलात असतो. भिंतीच्या बाजूने पाहिलं तर तो कोन दिवसभर ७४ अंश. गणित केलं तर दोन फूट छज्जाची सावली सात फूट खाली येते. म्हणजे मार्च ते सप्टेंबर, उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या संपूर्ण काळात, दक्षिणेच्या चार फुटी खिडकीतून थेट ऊन आत येणारच नाही. फक्त छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडा जास्त घ्यावा लागतो, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन कडेने शिरतं. डिसेंबरच्या दुपारी त्याच छज्जाची सावली अडीच फुटांवर थांबते, खालच्या दीड फुटातून ऊन येतं. सकाळी तर ते आणखी आत येतं, पण त्या थंडीत ते कुणाला टोचत नाही. तिथे पुस्तकांचं कपाट मात्र ठेवायचं नाही.

पश्चिमेला हे गणित पार कोसळतं. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी साडेचारला सूर्य जवळपास बरोबर पश्चिमेला आणि क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर असतो. त्याच दोन फुटी छज्जाची सावली आता फक्त सव्वा फूट. बाकीची खिडकी उघडी. चार बाय चार फुटांच्या त्या काचेतून अंदाजे पाऊण किलोवॅट उष्णता आत येते. बादलीत टाकायची पाणी तापवायची कॉइल खोलीत सोडून द्यावी आणि वर पंखा लावावा, तसं ते आहे. पडदा ओढला तरी काच ओलांडून आलेली उष्णता पडद्याच्या आतच अडकते. त्यामुळे पडद्याने डोळ्यांना आराम मिळतो, अंगाला नाही.

मग रस्ता पश्चिमेलाच असेल तर? आपल्या जुन्या घरांकडे याचं उत्तर आहे: पडवी. आठ फूट खोल पडवी आणि तिचं पागोळीकडचं टोक आठ फुटांवर असेल, तर एप्रिलच्या साडेचारला ऊन आतल्या भिंतीच्या खालच्या तीन फुटांनाच लागतं. खिडकीची चौकट तीन फुटांवर सुरू केली की ती सावलीत राहते. साडेपाचला सूर्य आणखी खाली उतरतो आणि ऊन खिडकीवर चढतं, पण तोवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. शिवाय पावसाळ्यात सह्याद्रीकडून झोडपत येणारा पाऊस पडवी अंगावर घेते, आणि संध्याकाळचा पश्चिमेचा गार वारा मात्र अडवत नाही. खानापूरच्या पावसात तर पडवीशिवाय पश्चिम भिंत कोरडी राहणं कठीण. पेपर वाचायची बाकं तिथेच ठेवावीत. मला तर गावातल्या वाचनालयाची सगळ्यात चांगली जागा तीच वाटते.

आता उत्तर. वाचनकक्षासाठी उत्तरेचा उजेड सगळ्यात चांगला, कारण तो सूर्याचा नसून आभाळाचा असतो. आभाळाच्या निळ्या-पांढऱ्या उजेडात उष्णतेच्या मानाने प्रकाश जास्त असतो. एक वॅट ऊर्जेमागे तो साधारण १२० लुमेन (लुमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप) देतो; जुना पिवळा बल्ब १२ ते १५ देत असे. म्हणजे तोच उजेड आणि खोलीत उष्णता कितीतरी कमी. मार्चनंतर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा सूर्य उत्तरेकडे झुकतो, तेवढ्यापुरत्या खिडकीच्या बाजूंना उभ्या पट्ट्या हव्यात.

पण खिडकी कोणत्या दिशेला याच्याइतकंच ती किती उंच आहे हे महत्त्वाचं असतं, आणि इथेच बहुतेक नव्या इमारती हरतात. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोहोचतो. आज खिडकीची लिंटल सात फुटांवर आणि स्लॅब दहा फुटांवर असते. उजेड चौदा फुटांवर संपतो, आणि वरची तीन फूट भिंत कोरी. त्याच भिंतीत दहा फुटांपर्यंत व्हेंटिलेटर घेतला तर उजेड वीस फुटांपर्यंत जातो. जुन्या शाळा आणि वाचनालयांत दोरीने उघडायच्या झडपांचे असे व्हेंटिलेटर असायचे. त्यांतून उजेड यायचा आणि छताशी साठलेली गरम हवाही बाहेर जायची. अनेक ठिकाणी ते प्लायवूडने बंद केलेत, नाहीतर पीओपीच्या खोट्या छताखाली गाडलेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पैसे खर्चून आपण आपलाच उजेड विझवला आहे.

तुमच्या वाचनालयात हे तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. टेबलाशी बसा, डोकं टेबलाच्या उंचीपर्यंत खाली न्या आणि खिडकीकडे बघा. आभाळाचा तुकडा दिसला तर ती जागा वाचनाची. समोरच्या इमारतीची नुसती भिंत दिसली तर तिथे कपाट ठेवा. आतलं छत पांढरं ठेवा, कारण उंच खिडकीतून आलेला उजेड आधी छतावर आपटून मगच खाली येतो. पुस्तकांच्या रांगा खिडकीला काटकोनात लावा. समांतर लावल्या की पहिलंच कपाट मागच्या सगळ्यांचा उजेड खातं.

कौलारू इमारतींत आणखी एक सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे, काचेचं कौल. मंगळुरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ बसतात. भर उन्हात त्यातल्या एका काचेच्या कौलातून सुमारे ५,००० लुमेन प्रकाश आत येतो. २० वॅटच्या एलईडी ट्यूबमधून साधारण २,००० मिळतो. एक कौल म्हणजे अडीच ट्यूबा. पण तो प्रकाश एका झळझळीत कवडशात येतो, आणि त्या कवडशाशेजारी वाचताना डोळ्याची बाहुली आकसते, बाकीचं पान काळं दिसू लागतं. म्हणून कौलाखाली दुधी ॲक्रिलिकची पट्टी लावून तो पसरवायला हवा. चिकोडी-अथणीकडच्या माळवदाच्या घरांत छताला ठेवलेली बेळकिंडी, म्हणजे उजेडासाठीचा झरोका, लहान असते, तीही याच कारणाने. आपल्या माथ्यावरच्या सूर्याखाली मोठा झरोका परवडत नाही.

छताची गोष्ट वेगळीच आहे. मेमधल्या दुपारी सपाट छतावर दर चौरस मीटरला जवळपास एक किलोवॅट ऊर्जा पडते. तीस बाय वीस फुटांच्या हॉलवर ती ५० किलोवॅटच्या घरात जाते. पाच इंची स्लॅब ती तीन-चार तासांनी आत सोडते, म्हणजे नेमकी संध्याकाळच्या वाचकांवर. वरून पांढरा लेप किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले तर यातला मोठा भाग परत जातो. दीड फुटी जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या भिंतीला उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात, तोवर वाचनालय बंद झालेलं असतं. अशी जुनी भिंत मिळाली असेल तर ती पाडू नका.

पुस्तकांचं म्हणणं वाचकांपेक्षा वेगळं आहे. त्यांना उजेडच नको असतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, ते प्रकाशात, विशेषतः अतिनील किरणांत, पिवळं पडून ठिसूळ होतं, आणि हे नुकसान साठत जातं. साधी काच त्यातले सगळे किरण अडवत नाही. संग्रहालयात जुने कागद ५० लक्सवर ठेवतात. म्हणून दुर्मीळ अंक, जुने दिवाळी अंक, हस्तलिखितं आतल्या, अंधाऱ्या भागात, वाचक खिडकीशी. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, कसर लागते. त्यामुळे कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून मागून हवा खेळती ठेवायची.

गावात वाचनालयाची नवी खोली मंजूर झाली, तर अंदाजपत्रकावर सही होण्याआधी नकाशात उत्तरेचा बाण आहे का बघा. मग इंजिनिअरसाहेबांकडे इमारतीच्या उभ्या छेदाचं चित्र (इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते) मागा आणि त्यावर दोन रेषा काढून घ्या. एक २१ डिसेंबरच्या दुपारच्या साडेबाराची, ५१ अंशांवर, दक्षिणेकडून. दुसरी १५ एप्रिलच्या संध्याकाळच्या साडेचारची, ३२ अंशांवर, पश्चिमेकडून. दुसरी रेषा एखाद्या टेबलाला लागत असेल, तर पडवी कागदावरच वाढवून घ्या.