देझूर्नी : रशियन पाळीवरचा फ्रेंच शब्द

फेब्रुवारी 2023 मध्ये रशियाने राजभाषेच्या कायद्यात दुरुस्ती केली. सरकारी कामकाजात परके शब्द नकोत. ज्यांना रशियनमध्ये रूढ प्रतिशब्द नाही आणि ज्यांची नोंद प्रमाण शब्दकोशांत आहे, तेवढेच चालतील, असा तिचा गाभा. रोख होता इंग्रजीवर. पण रशियातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात शिरले की पहिली खोली लागते ती 'देझूर्नाया चास्त', म्हणजे आपल्याकडच्या ठाणे अंमलदाराची जागा. यातला पहिला शब्द मूळचा फ्रेंच. तो हटवावा असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि त्यामागे जवळजवळ तीन शतकांचा इतिहास आहे.

देझूर्नी म्हणजे आज ज्याची पाळी आहे तो. बाई असेल तर देझूर्नाया, त्या कामाला देझूर्स्त्वो, आणि ते काम करणे म्हणजे देझूरित. रेल्वे स्थानकावर लाल माथ्याची टोपी घालून उभा असतो तो स्थानकाचा देझूर्नी. शाळेत फळा पुसायची पाळी ज्याच्यावर येते तो वर्गाचा देझूर्नी. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणे हेही देझूरितच. महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मुलामुलींची या शब्दाशी गाठ पडते ती रुग्णालयात, 'देझूर्नी व्राच' म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरच्या रूपाने.

मूळ फ्रेंच 'द झूर', म्हणजे 'त्या दिवसाचा'. ज्या अधिकाऱ्याकडे त्या दिवसाची जबाबदारी, त्याच्यासाठी अठराव्या शतकातल्या युरोपीय सैन्यांत ही संज्ञा चालत असे. जर्मन पलटणींतही तिचेच एक रूप रुळले होते. झार पीटर द ग्रेटने रशियन सैन्याची घडी पश्चिमी धर्तीवर बसवली आणि त्या शतकात असे अनेक शब्द गणवेशांबरोबर आले. रशियनांनी 'द' आणि 'झूर' एकत्र सांधून मागे आपला विशेषणाचा प्रत्यय जोडला, आणि शब्द घरचा झाला. सम्राज्ञी कॅथरीनच्या काळापर्यंत तो राजवाड्यातही पोचला होता. आज खुद्द फ्रेंच माणूस ड्युटीवरच्या डॉक्टरला किंवा रात्री उघड्या असलेल्या औषधाच्या दुकानाला 'द गार्द' म्हणतो. रशियनांनी मात्र जुना शब्द इतका आपलासा केला की त्यातला 'दिवस' कोणाला ऐकू येईनासा झाला. म्हणूनच 'नोच्नोये देझूर्स्त्वो', म्हणजे रातपाळी, म्हणताना कोणी अडखळत नाही.

रशियन सरदारवर्ग फ्रेंच बोलत असे, पण त्या भाषेच्या वर्चस्वाविरुद्ध रशियात आवाज उठला नाही असे नाही. अॅडमिरल अलेक्सांद्र शिश्कोव यांनी 1803 मध्ये जुन्या आणि नव्या भाषाशैलीवर प्रबंध लिहून फ्रेंच वळणाच्या रशियनवर कडाडून टीका केली. 1812 मध्ये नेपोलियन चालून आला तेव्हा झारचे जाहीरनामे याच शिश्कोवांच्या लेखणीतून उतरले. आणि त्याच वर्षी सैन्याच्या नव्या नियमावलीत 'देझूर्नी जनरल' हे मोठे पद होते. सैन्याच्या रोजच्या कारभाराचा भार या अधिकाऱ्यावर असे. रशियन सरसेनापती कुतूझोवच्या मुख्यालयात ते पद प्योत्र कोनोव्नीत्सिन यांनी सांभाळले. फ्रेंचांशी लढणारे सैन्य फ्रेंच नावाच्या हुद्द्याखाली चालत होते. मला इथे विसंगती दिसत नाही. दिवाणखान्यातली फ्रेंच ही हौस होती. छावणीतला शब्द कामाला बांधलेला होता.

देशी शब्द नव्हता का? होता, आजही आहे: 'द्नेवाल्नी', रशियन 'देन्य' म्हणजे दिवस यावरून. सगळ्या इतिहासातला हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण रशियन बराकीत हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी नांदतात, पण एका पायरीवर नाही. कंपनी या लष्करी तुकडीचा देझूर्नी हा सहसा सार्जंट. त्याच्या हाताखाली दारापाशी उभा राहणारा साधा शिपाई तो द्नेवाल्नी. वरिष्ठ आला की द्नेवाल्नी ओरडून देझूर्नीला बाहेर बोलावतो. अर्थ जवळजवळ एकच, पण वरची जागा फ्रेंच शब्दाला आणि खालची देशी शब्दाला. फ्रेंच बोलणारे सरदार अधिकारी आणि खेड्यातून भरती झालेले शिपाई, ही जुनी उतरंड या जोडीत टिकून राहिली आहे. बाकी तिन्ही शब्दांचे नाते दूरवर जुळतेच: झूर, देन्य आणि आपला दिन एकाच प्राचीन भारोपीय (म्हणजे भारत-युरोपीय भाषाकुळातल्या) धातूपर्यंत पोचतात.

1917 च्या क्रांतीनंतर हुद्दे गेले. 'ऑफिसर' हा शब्दही सैन्यातून हद्दपार झाला, तो 1943 मध्ये परतला. देझूर्नीला कोणी हात लावला नाही. उलट तो वसतिगृहांत, कारखान्यांत, शाळांत पसरला. हॉटेलच्या प्रत्येक मजल्यावर टेबल टाकून किल्ल्या सांभाळणारी देझूर्नाया तर सोव्हिएत काळाची ओळखच बनली. 1941 मध्ये लेनिनग्राडवर आगलावे बॉम्ब पडू लागले, तेव्हा नागरिक पाळीपाळीने छपरांवर पहारा देत. त्यालाही देझूर्स्त्वोच म्हणत. संगीतकार दमीत्री शोस्ताकोविच अग्निशामक शिरस्त्राण घालून कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत विद्यालयाच्या, छपरावर असत. छावणीतून निघालेला शब्द इथे पुरता लोकांचा झाला. पुढे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस परक्या प्रभावाविरुद्ध मोहीम निघाली आणि 'फ्रेंच पाव' नावाच्या पावाचे 'शहरी पाव' असे बारसे झाले. देझूर्नी त्यातूनही सुटला, कारण तो फ्रेंच आहे हे लक्षात यायला आता शब्दकोश उघडावा लागत होता.

अलीकडच्या रशियनमध्ये त्याचा एक फिकट अर्थही रूढ आहे. 'देझूर्नाया उलिब्का' म्हणजे मनातून न आलेले, ठेवणीतले हसू. 'देझूर्नी' विनोद म्हणजे दर बैठकीत तोच सांगितला जाणारा. खाणावळीतला 'देझूर्नी' पदार्थ म्हणजे त्या दिवशी तयार असलेला, आणि तिथे मूळ फ्रेंच अर्थ अजून शाबूत आहे. जे सदैव हाताशी ते शिळे, असा या अर्थाचा प्रवास झाला असावा. तरीही डॉक्टर, स्टेशन मास्तर आणि फळा पुसणारे पोर यांच्या बाबतीत शब्दाचा जुना कणखरपणा उणावलेला नाही.