हवाई दूरसंवेदनातून पीक-आरोग्याचे शिक्षण

विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोनवरील कॅमेरे व संवेदक वापरून पिकाची तब्येत कशी ओळखावी, हे विद्यार्थ्यांना उड्डाण, शेतातील मोजणी आणि प्रतिमावाचन यांतून शिकवण्याची पद्धत. उपग्रह ठरलेल्या वेळीच शेतावरून जातो. विमान किंवा ड्रोन मात्र हवे त्या दिवशी, हव्या त्या उंचीवरून उडवता येते. त्यामुळे विद्यार्थ्याला प्रश्नापासून उत्तरापर्यंतचे सगळे टप्पे स्वतः पार पाडता येतात, आणि या पद्धतीचे खरे बळ तिथेच आहे.

तत्त्व : निरोगी पानातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. पानाच्या आतील पेशी व त्यांमधल्या हवेच्या पोकळ्या निकट अवरक्त किरण मात्र मोठ्या प्रमाणात परत फेकतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. पीक खंगले की तांबड्या प्रकाशाचे परावर्तन वाढते आणि अवरक्ताचे घटते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा पिकाची हिरवाई दाखवणारा निर्देशांक मिळतो. अवरक्त परावर्तन ०.५० आणि तांबडे ०.०५ असेल, तर निर्देशांक ०.८२ येतो, तेच आकडे ०.३५ आणि ०.१२ असतील, तर ०.४९. हे गणित वर्गात आधी हातानेच करून घ्यावे, मग संगणकाकडे वळावे. पाण्याचा ताण पडला की पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोत्सर्जन मंदावते आणि पान तापते. म्हणून पाण्यासाठी औष्णिक कॅमेरा अधिक उपयोगी पडतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेत टेक्सासमधील कापसाच्या मूळकुज रोगाची विमानातून छायाचित्रे १९२०च्या दशकातच घेतली गेली. १९५६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉबर्ट कोलवेल यांनी तृणधान्यांवरील तांबेऱ्यासारखे रोग हवाई छायाचित्रांतून ओळखता येतात, हे दाखवले. १९७० मध्ये पानांवरील करप्याने अमेरिकेतील मक्याचे सुमारे १५ टक्के उत्पादन बुडाले. पुढच्याच हंगामात नासा, अमेरिकी कृषी खाते, पर्ड्यू विद्यापीठ व मिशिगन विद्यापीठ यांनी सात राज्यांतल्या मक्यावर विमानांतून पाळत ठेवली. त्या प्रयोगात तीव्र प्रादुर्भाव ओळखता आला, सुरुवातीचा सौम्य प्रादुर्भाव मात्र नीट वेगळा काढता आला नाही. हा निष्कर्ष प्रत्येक अभ्यासक्रमात सांगितला पाहिजे, कारण विमानातून रोग आधीच कळतो असे सरसकट सांगण्याची सवय आजही आहे.

भारतात या विषयाची सुरुवात माडांपासून झाली. १९७०च्या सुमारास हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळमधील मुळांच्या रोगाने ग्रासलेल्या माडांची हेलिकॉप्टरमधून रंगीत अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली आणि रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखू आले. पिशारोटी हे त्याआधी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. हवाई छायाचित्रे वाचायला शिकवणारी संस्था डेहराडूनला १९६६ मध्येच सुरू झाली होती. तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था.

उड्डाणासह शिक्षण : या पद्धतीचे सर्वांत पूर्ण रूप नासाच्या विद्यार्थी हवाई संशोधन कार्यक्रमात दिसते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या आठ आठवड्यांच्या उन्हाळी कार्यक्रमात पदवीपूर्व विद्यार्थी नासाच्या डीसी-८ विमानातून स्वतः उडत. विमानावरील ‘मास्टर’ हे उपकरण दृश्य प्रकाशापासून औष्णिक अवरक्तापर्यंतच्या ५० तरंगलांबी-पट्ट्यांत कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील पिकांच्या प्रतिमा टिपे. त्याच सुमारास खाली शेतात मोजण्या होत आणि पुढे प्रत्येक विद्यार्थी स्वतःचा प्रश्न घेऊन विदा (डेटा) तपासून निष्कर्ष मांडे. डीसी-८ २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि आयडाहो राज्य विद्यापीठात विमानतंत्रज्ञ घडवण्यासाठी देण्यात आले.

शिकवताना येणाऱ्या अडचणी : पहिली अडचण रंगांची. अवरक्त प्रतिमेत निरोगी पीक गडद लाल दिसते आणि सुकलेले फिकट, राखाडी. नवा विद्यार्थी लाल पट्टा पाहून तिथेच रोग दाखवतो. दुसरी अडचण मोजणीतील शिस्तीची. हाती धरायच्या वर्णपटमापकाने (परावर्तित प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने) पीक मोजण्याआधी पांढऱ्या प्रमाण-फलकाचे वाचन घ्यावे लागते. उन्ह बदलले की ते पुन्हा घ्यावे लागते, आणि मोजणाऱ्याची सावली पिकावर पडता कामा नये. एका ढगाच्या तुकड्याने सकाळभराची मेहनत वाया जाते.

सर्वांत मोठी अडचण कारण ओळखण्याची. विमान ताण दाखवते, ताणाचे नाव सांगत नाही. उसाच्या फडातील फिकट पट्टा लोहाच्या कमतरतेने पडलेला केवडा असू शकतो, हुमणीने कुरतडलेली मुळे असू शकतात, ठिबकची तुंबलेली नळी किंवा चोपण जमीनही असू शकते. याच्या उलट, तणाने माजलेले शेतही निर्देशांकात हिरवेगार दिसते. पीक दाट झाल्यावर तर एनडीव्हीआय जवळपास वाढेनासा होतो. म्हणून प्रतिमेवर खूण करून त्याच जागी जाणे, रोप उपटून मुळे पाहणे, मूठभर माती दाबून वाफसा तपासणे आणि शेतकऱ्याला विचारणे हा अभ्यासक्रमाचा गाभा मानावा. हे वगळून केलेले ड्रोन-प्रशिक्षण उड्डाणकौशल्यापुरतेच उरते.

महाराष्ट्रात : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामान अद्ययावत शेती व जलव्यवस्थापनाच्या प्रकल्पातून विद्यार्थ्यांना ड्रोन व दूरसंवेदनाचे प्रशिक्षण देण्यात आले. मुंबईच्या आयआयटीतही दूरसंवेदनाचे उच्च शिक्षण मिळते. इथल्या शेतांत अडचणी वेगळ्या आहेत. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, बांध अरुंद असतात आणि एकाच चित्रबिंदूत (पिक्सेलमध्ये) दोन पिके, माती व सावली मिसळतात. खरिपात उजेड सतत बदलत राहतो, त्यामुळे दोन उड्डाणांची तुलना करणे अवघड जाते. पहिला सराव रब्बीत, निरभ्र दुपारी, गहू किंवा हरभऱ्याच्या सलग शेतावर घ्यावा. आंतरपिकांची शेते त्यानंतर हाती घ्यावीत.