हँडल उलटा झटका का मारायचं, आणि ते थांबवायला काय काय केलं गेलं

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की आधी पुढून हँडल मारून गाडी सुरू करायचे, त्यात लोकांचे हात मोडायचे, मग 1912 च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि प्रश्न मिटला. यात चुकीचं काही नाही पण हे अर्धंच झालं. स्टार्टर आला तो बॅटरी परवडणाऱ्या गाडीत आला. शेतातलं इंजिन, मचव्यावरचं इंजिन, बांधकामावरचा मिक्सर, पॉवर टिलर, ही सगळी पुढे कितीतरी वर्षं हातानेच सुरू होत राहिली, आणि हात वाचवायचं खरं काम हँडलच्या, मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) आणि व्हॉल्व्हच्या छोट्या छोट्या सुधारणांनी केलं ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला तर हँडलही नव्हतं. निकोलस ऑटोचं 1876 चं फोर स्ट्रोक गॅस इंजिन घ्या किंवा कार्ल बेंझची 1886 ची तीनचाकी, दोन्हीकडे माणूस सरळ फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, हात घालायचा. बेंझच्या गाडीत फ्लायव्हील मागच्या बाजूला आडवं बसवलेलं होतं, ते हाताने फिरवायचं आणि इंजिनाने पकड घेतली की हात काढायचा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब) कमी, ताकद जेमतेम एका घोड्याच्या आतली, त्यामुळे ते जमून जायचं. पुढे सिलिंडर वाढले, कॉम्प्रेशन वाढलं, इंजिन बॉनेटखाली पुढे आलं आणि क्रँकशाफ्टच्या (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) टोकाला लावायचा वाकडा दांडा म्हणजे आपलं हँडल आलं.

आता हे हँडल शाफ्टला जोडायचं कसं हा पहिला प्रश्न, कारण इंजिन सुरू झाल्यावर ते शेकडो आरपीएमने (मिनिटाला शेकडो फेरे) फिरणार आणि हँडल त्याच्याबरोबर फिरत राहिलं तर समोरच्या माणसाचं काही खरं नाही. त्याला उत्तर फार छान सापडलं. शाफ्टच्या टोकाला तिरके दात, करवतीच्या दातांसारखे, एक बाजू सरळ उभी आणि दुसरी उतरती, आणि हँडलच्या टोकाला तसेच दात किंवा आडवी पिन. आपण फिरवतो तेव्हा उभी बाजू उभ्या बाजूला धरते, आणि शाफ्ट आपल्या हातापेक्षा जोरात फिरायला लागला की उतरती बाजू हँडलला बाहेर ढकलून देते. बऱ्याच गाड्यांत मध्ये स्प्रिंग असायची, ती हँडल लगेच मागे ओढून घ्यायची. म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर काय होईल याची सोय पहिल्यापासून होती.

सोय नव्हती ती इंजिन उलटं फिरलं तर काय याची. तिरके दात एकाच दिशेने सुटतात. शाफ्ट उलटा फिरला की तीच उभी बाजू हँडलला घट्ट धरते आणि इंजिनाची सगळी ताकद दांड्यातून थेट मनगटात येते. सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

बरं इंजिन उलटं फिरेलच का? तर स्पार्कच्या वेळेमुळे. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायला आणि दाब पूर्ण वाढायला थोडा वेळ लागतो, काही मिलिसेकंद, म्हणून चालू इंजिनात पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी द्यावी लागते. समजा पिस्टन अगदी वर पोचायला क्रँकशाफ्टचे 20 अंश उरलेले असताना ठिणगी पडते. इंजिन 1500 आरपीएमने फिरत असेल तर ते 20 अंश साधारण 2 मिलिसेकंदांत संपतात, दाब वाढेपर्यंत पिस्टन वरून खाली निघालेला असतो, सगळं व्यवस्थित. पण माणूस हाताने फिरवतोय, मिनिटाला 60 फेरे धरा, तर तेच 20 अंश जायला 55 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मिश्रण पूर्ण जळून जातं, पिस्टन अजून वरच चढतोय, आणि वरून दाब त्याला परत खाली मारतो. यालाच किकबॅक म्हणतात. जुनी बुलेट ज्यांनी मारलीय त्यांना हे पायाने माहीत आहे, तिथे झटका घोट्याला आणि गुडघ्याला बसतो, गाडीत तो हाताला बसायचा.

त्या काळच्या गाड्यांत ठिणगीची वेळ ड्रायव्हरच्या हातात असायची. फोर्ड मॉडेल टीमध्ये (1908 ते 1927, दीड कोटीच्या आसपास गाड्या) स्टिअरिंगच्या खाली डावीकडे स्पार्कचा लिव्हर आणि उजवीकडे थ्रॉटलचा. सुरू करताना डावा लिव्हर पूर्ण वर म्हणजे स्पार्क उशिरा, सुरू झाल्यावर खाली ओढायचा म्हणजे स्पार्क लवकर. आता विचार करा, गाडी चालवून आलात, लिव्हर खालीच राहिला, बंद केली, अर्ध्या तासाने परत पुढे जाऊन हँडलला हात घातला. विसरायला एवढं पुरतं. शिवाय लिव्हर एका टोकाला, हँडल दुसऱ्या टोकाला, हँडल मारणाऱ्याला तिथून लिव्हर कुठे आहे ते दिसतही नाही.

यावर पहिला उपाय यंत्रात न करता माणसाला शिकवला गेला. हँडल खालून वर ओढायचं, कधीही वरून खाली दाबायचं नाही, कारण दाबताना हात ताठ असतो, अंगाचा भार त्यावर असतो आणि उलटा झटका सरळ हाडावर येतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, म्हणजे हँडल उलटं गेलं तर बोटं उघडून सुटेल. आणि डाव्या हाताने ओढायचं. गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की हँडल घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे डावीकडून वर येतं, डावा हात त्याच बाजूला असतो आणि झटका बसला तर दांडा हातापासून लांब खाली जातो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा हात मात्र दांड्याच्या वाटेत असतो. हे नियम अगदी बरोबर आहेत, आजही हाताने इंजिन मारणाऱ्याने पाळावेत असेच आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की अंगठा कुठे ठेवावा यावर माणसाचं मनगट अवलंबून असणं ही त्या यंत्राची उणीव होती, आणि ती बराच काळ माणसाच्या गळ्यात घातली गेली. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडण्याच्या प्रकाराला हाडांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात आजही शोफर (म्हणजे ड्रायव्हर) फ्रॅक्चर म्हणतात, इतके ते हात मोडले होते. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी हँडल मारायला ड्रायव्हर ठेवला, त्यामुळे मोडला तो बहुतेक नोकराचा हात.

स्टार्टरची गोष्टही थोडक्यात सांगतो. बायरन कार्टर नावाचा अमेरिकन मोटार उत्पादक 1908 मध्ये वारला. गोष्ट अशी सांगतात की डेट्रॉइटमध्ये बंद पडलेल्या गाडीसाठी कुणाला तरी मदत करताना हँडल उलटून त्याच्या जबड्याला लागलं, त्यातून तो गेला, आणि कॅडिलॅकचे हेन्री लेलँड हळहळून म्हणाले की आता हे हँडल नको. तपशिलांबद्दल वाद आहेत आणि कार्टरचा मृत्यू आणि स्टार्टर यांच्यात काही वर्षं जातात, त्यामुळे एकाच प्रसंगातून शोध लागला असं मी तरी मानत नाही. काम केलं चार्ल्स केटरिंगने, ओहायोतल्या डेटन गावी, डेल्को कंपनीत. त्याआधी तो नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होता आणि तिथे त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला इलेक्ट्रिक मोटर बसवली होती. तिथून त्याला हे कळलेलं होतं की मोटर दिवसभर चालवायची नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर छोट्या मोटरवर तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा खूप जास्त भार टाकला तरी चालतो. त्या आधीचे लोक इंजिन फिरवायला केवढी मोठी मोटर लागेल याच्या हिशोबात अडकले होते. 1911 मध्ये त्याने कॅडिलॅकला चालवून दाखवलं आणि 1912 च्या मॉडेलवर तो स्टार्टर आला. त्याच सुमारास कॉम्प्रेस्ड हवेचे आणि सिलिंडरमध्ये अॅसिटिलीन गॅस सोडून पेटवायचे स्टार्टरही विकले जात होते, ते टिकले नाहीत. मॉडेल टीला मात्र इलेक्ट्रिक स्टार्टर 1919 पासून मिळायला लागला, तोही आधी सगळ्या गाड्यांना नाही. म्हणजे जगातली सगळ्यात जास्त खपणारी गाडी कॅडिलॅकनंतर सात वर्षं हँडलवरच होती.

या सगळ्या काळात हँडल सुरक्षित करायचे प्रयत्न चालूच होते आणि त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार दिसतात. एकात हँडल आणि स्पार्कचा लिव्हर एकमेकांना जोडायचे, म्हणजे हँडल आत ढकललं की स्पार्क आपोआप उशिरावर जाईल. कल्पना म्हणून ही मला सगळ्यात आवडते, कारण विसरायला जागाच राहत नाही. दुसऱ्यात झटका येऊ दे पण तो हातापर्यंत पोचू नये अशी रचना. हँडलच्या बुंध्याशी गाडीच्या सांगाड्याला पक्की केलेली दातेरी चकती आणि त्यावर खटका, पुढे फिरवताना खटका टिकटिक करत सरकतो, मागे फिरायला लागलं की चकतीत अडकतो, हँडल जागच्या जागी थांबतं आणि शाफ्टशी असलेली जोडणी सुटते. दोन्ही प्रकार चालण्यासारखे होते, पण जादा भाग, जादा खर्च, आणि गाडीच्या बाजारात सगळ्यांचं लक्ष इलेक्ट्रिक स्टार्टरकडे लागलेलं.

गाड्यांमध्ये किकबॅकवर खरा उतारा मिळाला तो ऑटोमॅटिक अॅडव्हान्सने. डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगी सिलिंडरांना वाटून देणारा भाग) स्प्रिंगने आवळलेली दोन छोटी वजनं, इंजिन हळू असेल तर ती आत, म्हणजे स्पार्क उशिरा, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि स्पार्क आपोआप लवकर येतो. लिव्हर गेला, लिव्हर विसरणंही गेलं. त्यामुळेच नंतरच्या जीपचं, अॅम्बॅसिडरचं किंवा फिअटचं हँडल बॅटरी बसल्यावर मारायला तुलनेने बरं असायचं.

ट्रॅक्टर आणि पेट्रोल-रॉकेलवरच्या स्थिर इंजिनांची अडचण वेगळी होती. तिथे बॅटरीच नाही, ठिणगी मॅग्नेटोतून यायची. मॅग्नेटो म्हणजे रॉबर्ट बॉशने 1887 मध्ये स्थिर इंजिनासाठी बनवायला घेतलेली वस्तू, तिची हाय टेन्शन (जास्त व्होल्टेजची) आवृत्ती त्याच्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने 1902 मध्ये केली. मॅग्नेटो हळू फिरला तर ठिणगी कमजोर पडते, आणि हाताने तो हळूच फिरणार. इथे इम्पल्स कपलिंग आलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग हाच. मॅग्नेटो आणि इंजिन यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते. हँडल मारताना एक खटका मॅग्नेटोला अडवून धरतो, इंजिन पुढे फिरत राहतं आणि स्प्रिंगला पीळ बसत जातो, पिस्टन वर पोचायच्या बेतात आला की खटका सुटतो आणि स्प्रिंग मॅग्नेटोला झटक्यात फिरवते. ठिणगी जोरदार, आणि अडवल्यामुळे आपोआप उशिरा. दोन्ही कामं एकाच भागाने झाली. इंजिन सुरू झालं की खटके फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जातात आणि परत आडवे येत नाहीत. हँडल मारताना जुन्या इंजिनातून कट्ट कट्ट असा आवाज येतो तो याचाच. लहान पिस्टन विमानांच्या मॅग्नेटोमध्ये हे कपलिंग आजही असतं.

मग डिझेल, आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये पुण्यात खडकीला सुरू झाली, साताऱ्याला कूपर होती, कोल्हापूरकडेही ऑइल इंजिनं बनायची, आणि वीज पोचायच्या आधी विहिरीवर पाणी खेचलं ते या इंजिनांनी. डिझेलमध्ये ठिणगी नाही, पण कॉम्प्रेशन इतकं असतं की थेट हाताने पिस्टन वर नेणं जवळजवळ अशक्य. म्हणून डीकॉम्प्रेशन लिव्हर असतो, तो व्हॉल्व्ह उचलून धरतो, दाब निघून जातो, तेवढ्यात फ्लायव्हीलला चांगला वेग द्यायचा आणि लिव्हर सोडायचा, पुढचं काम त्या जड चाकात साठलेली ताकद करते. जिथे पेट्रोल गाडीत माणूस थेट कॉम्प्रेशनशी झुंजायचा तिथे इथे कॉम्प्रेशनशी चाक झुंजतं, आणि हाताने इंजिन सुरू करण्याची ही मुळातच जास्त शहाणी पद्धत आहे.

तरी धोका उरतोच, आणि दोन प्रकारचा. एक म्हणजे वेग पुरेसा नसताना लिव्हर सोडला, तर डिझेल पिस्टन वर पोचायच्या आत पेटून चाक उलटं फिरवू शकतं. दुसरा, इंजिन सुरू झालं पण हँडल शाफ्टवरून सुटलंच नाही. टोकाची खाच झिजलेली, कडेला बूर (धातूची खरखरीत कड) आलेली, गंज चढलेला, त्यात हँडल अडकतं आणि इंजिनाबरोबर गरागरा फिरून शेवटी कुठेतरी उडतं. म्हणूनच शाफ्टचं टोक साफ आणि तेलाचा हात दिलेलं ठेवा असं सांगतात, आणि बाजारातून दुसऱ्याच इंजिनाचं मापाला साधारण बसणारं हँडल आणून वापरणं सगळ्यात वाईट.

ब्रिटनमध्ये लिस्टर आणि पेटर जातीच्या छोट्या डिझेलसाठी पुढे किकबॅक-सेफ हँडल आली. यांत हँडल आणि शाफ्ट यांच्यामध्ये अशी जोडणी असते की माणसाचा जोर पुढे लागतोय तोवरच ती घट्ट राहते, शाफ्ट उलटा आला की पकड सुटते आणि हँडल हातात मोकळं होतं. म्हणजे तिरक्या दातांनी जे एका दिशेला केलं होतं ते शेवटी दुसऱ्या दिशेलाही झालं. आपल्याकडे शेतात आणि कोकणातल्या पॉवर टिलरवर जी हँडल दिसतात ती बहुतेक साधी, वाकवलेल्या दांड्याचीच. तिथे उलट्या झटक्यापासून वाचवतं ते फ्लायव्हीलचा वेग, म्हणून लिव्हर वर धरून चाक पूर्ण जोरात येईपर्यंत फिरवायचं आणि मगच सोडायचा, हात थकला असेल तर तशा अर्ध्या वेगात सोडून बघायचं नाही, थांबायचं आणि दुसऱ्याला मारायला द्यायचं.