ब्रायरची गाठ, गंधकाची नळी

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात नुसत्या वासावरून तंबाखूची प्रत सांगणारी माणसं घरोघरी आहेत. वखारीतला खकाणा, उन्हात पसरलेली पानं, जर्द्याच्या कारखान्यांतून संध्याकाळी परतणाऱ्या बायका, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन, हे सगळं या भागाच्या अंगात मुरलेलं आहे. पण ही तंबाखू विडीची. पाईपमध्ये भरतात ती व्हर्जिनिया किंवा बर्ली वेगळी, आणि पाईप ही वस्तूही मुळात इकडची नव्हे. इकडची ती मातीची चिलीम.

लाकडी पाईप इथे रुळला तो बेळगावच्या कॅम्पात. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली, आणि अधिकाऱ्यांच्या सामानातून युरोपातले पाईपही आले. नंतर ती सवय आपल्याकडच्या लष्करी अधिकाऱ्यांनी, वकिलांनी, प्राध्यापकांनी उचलली. आता कॅम्पातला किंवा टिळकवाडीतला एखादा जुना बंगला आवरायला काढला की ट्रंकेच्या तळाशी असा पाईप निघतो. वाटी काजळीनं बुजलेली, नळी हिरवट तपकिरी, चांदीची कडी काळी ठिक्कर. घरचे म्हणतात, भंगारात टाका. मी हे पाईप गोळा करतो, दुरुस्त करतो, आणि कळकळीनं सांगतो की टाकू नका. एवढ्याशा वस्तूत लाकूड, रबर आणि चांदी असे तीन पदार्थ तीन वेगळ्या वाटांनी जुने झालेले असतात. कुठल्या पदार्थाला नेमकं काय झालंय ते ओळखलं, तर निम्मं काम तिथेच होतं. न ओळखता पॉलिश पेपर हातात घेतला, तर शंभर वर्षं टिकलेलं अर्ध्या तासात जातं.

पाईपचं लाकूड ब्रायर, म्हणजे ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाची गाठ. हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठचं: कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीतलं कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया. तिथले उन्हाळे कोरडे, वणवे नेहमीचे. झुडूप वरून जळून जातं, पण खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे जमिनीत एक फुगीर गाठ असते. तिच्यात पिष्टाचा साठा असतो आणि झोपी गेलेले डोळे असतात. वणवा सरला की त्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. आपल्याकडे हे पाहायचं असेल तर निलगिरी पाहावी. तिच्या बऱ्याच जातींना अशी गाठ असते. बुंध्यापासून तोडली तरी ती पुन्हा फुटते, त्यामागचं एक कारण हेच.

यावरून एक समज पसरला आहे: वणव्यातून वाचणारं झाड, म्हणून त्याचं लाकूड जळत नाही. हे बरोबर नाही. झुडूप वाचतं ते मातीच्या आडोशामुळे आणि डोळ्यांमुळे. ब्रायरही लाकूडच आहे, आणि निष्काळजीपणे ओढलेल्या पाईपच्या वाटीला आरपार भोक पडलेलं मी पाहिलं आहे. ते इतर लाकडांपेक्षा जास्त तग धरतं, याची कारणं वेगळी आहेत. गाठीतले तंतू एकमेकांत गुंतलेले आणि दाट असतात, त्यामुळे ती सहज चिरत नाही. शिवाय गाठी काढल्यावर त्या ओलसर ठेवून ठोकळे पाडतात, ते ठोकळे बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त पाण्यात उकळतात आणि मग कित्येक महिने सावकाश सुकवतात. उकळताना रस आणि टॅनिन निघून जातं. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सेंट क्लोद गावात खरादकाम आधीपासून चालत असे. १८५० च्या दशकापासून तिथे ब्रायरचे पाईप होऊ लागले आणि हे गाव या धंद्याचं माहेरघर बनलं.

तिसरं कारण पाईप वापरात आल्यावर तयार होतं. वाटीच्या आत कोळशाचा पातळ थर धरतो, त्याला ‘केक’ म्हणतात. निखारा आणि लाकूड यांच्या मध्ये हा थर उभा राहतो. एखाद मिलिमीटर असेपर्यंत तो राखण करतो. फार जाड झाला की घात करतो, कारण तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत आणि वाटीला तडा जातो. म्हणून जुना केक थोडा थोडा खरवडायचा, पण लाकूड उघडं पाडायचं नाही. खरवडताना तोंडाला मास्क हवाच. त्या भुकटीत जळक्या तंबाखूची सगळी विषारी संयुगं असतात. पाईपच्या धुरानंही तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो; धूर तोंडातच ठेवला तरी धोका टळत नाही. संग्रहाचा आनंद न ओढताही पुरेपूर मिळतो.

लाकडात मुरलेला डांबरासारखा चिकटा आणि कुबट वास काढायचा उपाय मला फार सुंदर वाटतो, कारण त्यात घासाघीस जवळजवळ नाही. वाटीत कापूस भरायचा, नळीच्या बाजूनं कापसाची एक वळी घालायची आणि ड्रॉपरनं कापूस भिजेपर्यंत अल्कोहोल सोडायचं. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पांढरा कापूस चहाच्या रंगाचा झालेला असतो. अल्कोहोल केशाकर्षणानं लाकडाच्या छिद्रांत शिरतं, चिकटा विरघळवतं आणि उघड्या तोंडाकडून उडून जातं. उडतं ते फक्त अल्कोहोल. विरघळलेला ऐवज जिथून ते उडालं तिथे, म्हणजे कापसात, मागे राहतो. पावसाळ्यानंतर भिंतीला लोणा चढतो तो याच नियमानं: पाणी आतले क्षार पृष्ठभागापर्यंत आणतं आणि स्वतः निघून जातं.

परदेशातले संग्राहक कापसाऐवजी मीठही वापरतात. अल्कोहोलमध्ये मीठ जवळपास विरघळत नाही, म्हणून तेही टिपकागदाचं काम करतं. पण बेळगाव-खानापूरच्या जुलैत माझं मत कापसाच्या बाजूनं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं, आणि आपल्याकडे त्या दिवसांत आर्द्रता त्याच्या वरच असते. लाकडाच्या भेगेत राहिलेला मिठाचा कण पुढे दर पावसाळ्यात ओल धरत बसेल. अल्कोहोल घ्यायचं ते मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल. रंगाच्या दुकानातल्या पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, ते तोंडात धरायच्या वस्तूला लावू नये. वाटीच्या बाहेर मात्र थेंबही सांडू देऊ नका. कित्येक पाईपांची चकाकी चपडी लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

आता नळी. माझ्या दृष्टीनं पाईपमधलं सगळ्यात रोचक रसायनशास्त्र इथे आहे. तिलारी घाट उतरून दोडामार्गात गेलं की रबराच्या बागा लागतात. झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या त्या रबरात गंधक घालून तापवलं की रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधल्या जातात. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये उमगलं. टायरमध्ये गंधक शेकडा दोन-तीन भाग असतं. तेच प्रमाण तिसाच्या आसपास नेऊन बराच वेळ तापवलं की लवचिकपणा संपतो आणि काळाभोर, कडक, चकचकीत पदार्थ मिळतो. तो एबोनाइट, पाईपवाले त्याला व्हल्कनाइट म्हणतात. जुन्या शाईपेनांच्या नळकांड्याही याच्याच.

ऊन, हवा आणि दमटपणा मिळून एबोनाइटच्या पृष्ठभागावरचे हे पूल तोडतात. सुट्या झालेल्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं, ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होतं आणि नळी हिरवट तपकिरी पडते. जिभेला कडवट लागते, नाकाला गंधकाचा वास येतो. म्हणजे हा बाहेरून बसलेला मळ नाही, खुद्द पदार्थाचा वरचा थर बिघडलेला आहे. म्हणून तो साबणानं निघत नाही, आणि गरम पाण्यात बुडवलं तर रंग आणखी उतरतो. ब्लीचमध्ये टाकलं की तपकिरी थर जातो, पण खाली खरबरीत, खड्ड्याखड्ड्यांचा पृष्ठभाग उरतो. खरा उपाय वेळखाऊ आहे: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, आधी ४०० नंबरचा, मग ६००, ८००, १०००, शेवटी २०००, प्रत्येक वेळी ओला करून. नळी लाकडाला भिडते ती कड गोल होऊ नये म्हणून घासताना नळी पाईपला जोडलेलीच ठेवावी. दातांच्या खुणा मात्र घासून काढू नयेत. एबोनाइट तापल्यावर मऊ पडतं आणि साच्यातल्या मूळ आकाराकडे परतू पाहतं, त्यामुळे सौम्य उष्णतेनं उथळ खुणा आपोआप वर येतात. बाकदार नळ्याही सरळ बनवून, तापवून, वाकवलेल्या असतात. जास्त तापवलं तर त्या पुन्हा सरळ होऊ लागतात.

चांदीची कडी काळी का पडते, याचं एक कारण शेजारीच बसलेलं असतं. नळीतून सुटणाऱ्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती सुट्या दागिन्यांना ठीक. लाकडावर चिकटवलेल्या कडीला ती करू नये. मऊ कापड आणि चांदीचं पॉलिश, तेही हलक्या हातानं. कारण त्या कडीवर पाईपचा जन्मदाखला कोरलेला असतो. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन, आणि सोबतच्या अक्षरावरून वर्ष कळतं. लाकडावरचे ठसेही बोलतात. ‘आयरिश फ्री स्टेट’ असं कोरलेला पीटरसन या आयरिश कंपनीचा पाईप दिसला तर तो १९२२ ते १९३७ च्या आसपासचा, कारण त्या नावाचं राज्यच तेवढी वर्षं होतं. अल्फ्रेड डनहिलनं १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. त्याच्या पाईपांच्या नळीवर पांढरा ठिपका असतो. त्याच कंपनीनं १९१७ मध्ये वाळूचा मारा केलेले पाईप आणले. मऊ लाकूड झडून जातं आणि वाढीची वर्तुळं उठून दिसतात. गाठीनं जमिनीखाली काढलेली दशकं बोटांना जाणवतात. मला गुळगुळीत पाईपांपेक्षा हे कितीतरी जास्त आवडतात.

हे ठसे केसाएवढे उथळ असतात. एकदा पेपर फिरला की ते गेले आणि त्यांच्याबरोबर पाईपचं वयही गेलं. म्हणून ठशांच्या आसपास घासायचं नाही, फक्त ओलसर कापडानं पुसायचं. लाकडाला पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात.

शेवटचा हात मेणाचा. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचं कार्नोबा मेण यासाठी वापरतात. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात चिकट होत नाही, पण हातानं घासून बसतही नाही. फिरत्या बफची, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकाची, उष्णता लागते. ओळखीच्या सराफाकडे बफ मशीन असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. कापडी चाक नवं मागावं, दागिन्यांच्या पॉलिशचं वापरू नये, आणि ठशांच्या बाजूला चाक लावायचं नाही हे कारागिराला आधीच सांगून ठेवावं.