जुनी डायव्हर घड्याळं एवढी दुर्मिळ का झाली, थोडी पार्श्वभूमी

नाशिकला समुद्र नाही, जे काही पाणी आहे ते गोदेचं आणि गंगापूर धरणाचं, तरी इथे जुन्या घड्याळांचा नाद लागलेली मंडळी फिरून फिरून डायव्हर घड्याळांपाशीच, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेल्या घड्याळांपाशीच येऊन थांबतात. आणि मग प्रश्न ठरलेलाच, की ओरखडे पडलेल्या, डायल पिवळी पडलेल्या एका स्टीलच्या घड्याळाला लाखो रुपये कशाचे, आणि पैसे असले तरी चांगला पीस का मिळत नाही. याचं मुख्य कारण असं की ही घड्याळं त्या काळात कोणी जपलीच नाहीत, ती कामाला जुंपली, मोडली, दुरुस्त केली, पार्ट बदलले आणि काही तर सरकारने मुद्दाम नष्ट केली. आता हे सगळं कसं झालं ते बघू.

पाण्यात टिकणारं मनगटी घड्याळ म्हणजे सुरुवातीला जाहिरातीचाच विषय होता. रोलेक्सने १९२६ ला ऑयस्टर केस (केस म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर) आणली आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची इंग्लिश जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली, घड्याळ चालू राहिलं आणि कंपनीने त्याचा गाजावाजा केला. १९३२ मध्ये ओमेगाने मरीन काढलं, त्यात एका केसच्या आत दुसरी केस असा प्रकार. इटालियन नौदलाच्या डायव्हर सैनिकांसाठी पानेराईने मोठाली, अंधारात चमकणारी घड्याळं पुरवली, त्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं. पण हे सगळं मोजक्या लोकांपुरतं, सामान्य माणूस पाण्याखाली जाऊन करणार काय?

खरा बदल झाला १९४३ मध्ये. जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग बनवलं, म्हणजे पाठीवर सिलेंडर घेऊन मोकळं पोहता येऊ लागलं. आता सिलेंडरमध्ये हवा मोजकीच, खोलीवर ती जास्त वेगाने संपते, आणि वर येताना थांबत थांबत यावं लागतं नाहीतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणजे खाली किती मिनिटं झाली हे कळणं जिवाचा प्रश्न. ब्लांपाँ या स्विस घड्याळ कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हिंग करायचे, एकदा त्यांचीच हवा संपली होती, आणि त्याच सुमारास फ्रेंच कॉम्बॅट स्विमर युनिट उभं करणारे बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोघं अधिकारी चांगलं घड्याळ शोधत फिरत होते. त्यातून १९५३ ला फिफ्टी फॅदम्स आलं. पन्नास फॅदम म्हणजे ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरिनर १९५४ च्या बासेलच्या प्रदर्शनात आलं. या घड्याळांचा सगळा खेळ बाहेरच्या फिरत्या रिंगमध्ये म्हणजे बेझलमध्ये, उतरताना त्याची खूण मिनिट काट्यासमोर आणायची आणि मग किती मिनिटं झाली ते सरळ वाचायचं. बाकी काळी डायल, जाड काटे, भरपूर लूम म्हणजे अंधारात चमकणारा रंग, आजपर्यंत हाच साचा चालू आहे.

(१९६० ला ट्रिएस्ट ही खोल समुद्रात जाणारी बोट मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोल गेली तेव्हा बाहेरच्या बाजूला रोलेक्सचं एक प्रायोगिक घड्याळ बांधलं होतं, पण ते मनगटावर घालायच्या लायकीचं नव्हतं, शोपीसच म्हणा.)

आता दुर्मिळतेचा विषय. माझ्या मते यातली सगळ्यात भारी गोष्ट टॉर्नेक-रेव्हिल टीआर-९०० ची. अमेरिकन नौदलाला चुंबकाचा त्रास न होणारं आणि न देणारं घड्याळ हवं होतं कारण त्यांचे डायव्हर चुंबकीय सुरुंगांजवळ काम करायचे. चाचण्यांमध्ये ब्लांपाँचं घड्याळ पसंत पडलं, पण सरकारी खरेदीत अमेरिकन मालाला प्राधान्य द्यायचा कायदा आडवा आला. मग न्यूयॉर्कचे आयातदार ॲलन टॉर्नेक यांनी डायलवर टॉर्नेक-रेव्हिल असं नाव टाकून तेच स्विस घड्याळ नौदलाला दिलं, रेव्हिल हे ब्लांपाँ बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. त्यात लूमसाठी प्रोमेथियम-१४७ वापरलं होतं आणि मागच्या झाकणावर लिहिलेलं की आत किरणोत्सारी पदार्थ आहे, सापडलं तर जवळच्या लष्करी ठाण्यात जमा करा. लोकांनी केलंही जमा, आणि नौदलाने त्यातली बरीचशी किरणोत्सारी कचरा म्हणून कायमची काढून टाकली. जी वाचली ती कोणीतरी परत न केलेली. म्हणजे नियम पाळला असता तर आज एकही उरलं नसतं, हसावं का रडावं कळत नाही.

दुसरं उदाहरण ब्रिटिश नौदलाचं, ज्याला सगळे मिलसब, म्हणजे मिलिटरी सबमरिनर म्हणतात. सत्तरच्या दशकात रोलेक्सने ब्रिटिश संरक्षण खात्यासाठी खास सबमरिनर बनवले, तलवारीसारखे रुंद काटे, बेझलवर पूर्ण साठ मिनिटांच्या खुणा, डायलवर गोलात टी म्हणजे लूममधलं किरणोत्सारी ट्रिटियम, आणि पट्ट्याच्या दांड्या केसलाच वेल्ड केलेल्या, म्हणजे पिन निसटून घड्याळ समुद्रात जायला नको. नौदलाच्या कामातून निघालेली ही घड्याळं बाहेर विकली गेली तेव्हा घेणाऱ्याला हे सगळं विचित्र वाटलं, त्याने दांड्या कापून साधा स्टीलचा पट्टा लावला, काटे बदलले, झालं नेहमीचं सबमरिनर. आज तेच मूळ काटे आणि त्याच दांड्या शाबूत असतील तर किंमत कोटीच्या घरात जाते.

मग तेलाचा धंदा आला. समुद्रातल्या तेलविहिरींवर डायव्हर कित्येक दिवस दाबाच्या चेंबरमध्येच राहतात, हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण श्वासात घेतात, काम संपल्यावर एकदाच हळूहळू दाब कमी करतात, आपल्या बॉम्बे हायवरसुद्धा हीच पद्धत. हेलियमचे अणू इतके बारीक की घड्याळात शिरतात, आणि बाहेरचा दाब कमी झाला की आतून काच उडते. रोलेक्स आणि डॉक्सा यांनी साठच्या दशकाच्या शेवटी हेलियम बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणला, त्यातून ६१० मीटरचं सी-ड्वेलर आलं. मार्सेची कॉमेक्स ही डायव्हिंग कंपनी आपल्या डायव्हरना नंबर टाकलेली रोलेक्स द्यायची, ती दुकानात कधी मिळालीच नाहीत म्हणून आज कॉमेक्स लिहिलेली डायल दिसली की लोक आधी खोटी असेल असंच धरून चालतात, आणि बरोबरच आहे.

जपानच्या सीकोने मात्र उलटा विचार केला. १९६८ ला हिरोशिमाकडच्या एका व्यावसायिक डायव्हरने त्यांना पत्र लिहून कळवलं की तुमची घड्याळं आमच्या खोलीवर टिकत नाहीत. सात वर्षं खपून १९७५ ला त्यांनी टायटॅनियमचं ६०० मीटरचं घड्याळ आणलं, ज्यात हेलियम मुळात आतच येऊ नये असं गॅस्केट म्हणजे फटी बंद करणारी रबरी रिंग होती, व्हॉल्व्हची गरजच नाही. मला विचाराल तर इंजिनिअरिंग म्हणून हे जास्त हुशारीचं.

एवढं सगळं होऊनही तेव्हा ही घड्याळं कोणी जमवत नव्हतं. बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ आलं, १९६९ ला सीको ॲस्ट्रॉन, आणि पुढे पाण्याखालच्या वेळेचा हिशोब ठेवणारे डायव्ह कॉम्प्युटर आले, मग जुनी ऑटोमॅटिक ड्रॉवरमध्ये गेली. त्याहून मोठं नुकसान केलं सर्व्हिसिंगने. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घड्याळ दिलं की ते काळजीनेच जुनी डायल काढून नवीन टाकायचे, काटे बदलायचे, केसला पॉलिश मारायचे, आणि मालक खूष. ट्रिटियमची चमक साधारण बारा वर्षांत निम्मी होते त्यामुळे रात्री दिसत नाही म्हणून डायल बदलणं तेव्हा शहाणपणाचंच होतं. आज तीच मेलेली, मलईच्या रंगाची झालेली लूम, उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली डायल, राखाडी पडलेलं बेझल, याला लोक जास्त पैसे देतात.

आपल्याकडे या कथेला एक वेगळा फाटा आहे. नाशिकरोडच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेल्यांच्या घरात कपाट उघडलं तर एचएमटीच्या जोडीला हमखास फेवर-ल्युबा निघतं, सी चीफ किंवा सी किंग, लग्नात मिळालेलं. ही स्विस कंपनी १८६५ पासून भारताशी व्यापार करत होती. नावात सी असलं तरी ही चावीची साधी घड्याळं, आंघोळीलासुद्धा घालू नका. पण याच कंपनीने १९६४ ला डीप ब्लू हे खरं डायव्हर आणलं आणि १९६८ ला बाथी, ज्यात पाण्याच्या दाबाने आतला पडदा दबून काटा थेट खोली दाखवायचा, मेकॅनिकल मनगटी घड्याळात हे पहिल्यांदाच. पडदा नाजूक, समुद्राचं पाणी आत घ्यावं लागे, त्यामुळे नीट चालणारं बाथी आता शोधूनही सापडत नाही. ब्रँड २०११ ला टायटनकडे आला, २०२३ ला इथॉसकडे, आणि डीप ब्लू हे नाव आता परत बाजारात आहे.

आपल्याकडच्या बाजारातली खरी अडचण म्हणजे रंगकाम. जुनं घड्याळ विकायचं तर ते नव्यासारखं दिसलं पाहिजे ही आपली सवय, म्हणून डायल खरवडून लाल-निळी रंगवतात, लोगो परत छापतात, तीन घड्याळांचे पार्ट एकात बसवतात, बाहेरचे लोक याला मुंबई स्पेशल म्हणून नाकं मुरडतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, नाण्यांचा नाद असलेल्या कुठल्याही नाशिककराला विचारा, चिंचेने घासून चकाचक केलेलं चांदीचं नाणं कोणी हातात घेत नाही. घड्याळाचं तसंच आहे, फक्त हे आपल्या मेनरोडच्या घड्याळवाल्याला आधी सांगावं लागतं: मशीन साफ करा, तेल द्या, गॅस्केट बदला, पण डायलला हात लावू नका, केसला बफ मारू नका, आणि जो पार्ट काढाल तो पुडीत बांधून परत द्या. म्हातारे घड्याळजी असतील तर पहिल्यांदा विचित्र नजरेने बघतात, मग विचारतात, काचसुद्धा तीच ठेवू का? काच खुशाल बदला, जुनी मात्र त्याच पुडीत टाका.